'न्यूट्रल ॲक्सेंट'चे वीस गुण : इंग्रजी वक्तृत्व स्पर्धांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
आंतरशालेय इंग्रजी वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक आणि परीक्षक

विषय : गुणपत्रिकेतील 'न्यूट्रल ॲक्सेंट' हा निकष रद्द करण्याबाबत

महोदय आणि महोदया,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी आठवी-नववीची मुले आपल्या स्पर्धांना घेऊन येते. यंदाच्या विभागीय फेरीचे माहितीपत्रक शाळेत आले तेव्हा त्यातील गुणविभागणी बदललेली होती. आजवर 'उच्चार व स्पष्टता' या सदराखाली असलेले शंभरपैकी वीस गुण 'न्यूट्रल ॲक्सेंट' या नव्या सदराखाली गेले होते आणि त्यापुढे 'एमटीआय नसावा' अशी सूचना होती. आमच्या स्टाफ रूममध्ये या तीन अक्षरांचा अर्थ कोणालाच ठाऊक नव्हता. तो पुण्यात कॉल सेंटरमध्ये नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने फोनवर सांगितला. एमटीआय म्हणजे मदर टंग इन्फ्लुएन्स, अर्थात बोलणाऱ्याच्या इंग्रजीत डोकावणारी त्याची मातृभाषा. परदेशी गिऱ्हाइकांशी बोलण्यासाठी माणसे भरती करताना हा शब्द सर्रास वापरला जातो आणि तिथे त्याला निदान धंद्याचे कारण आहे. चौदा वर्षांच्या मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेत तो कशासाठी आला, याचा खुलासा माहितीपत्रकात नव्हता आणि स्पर्धेच्या दिवशी विचारूनही मिळाला नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

आमची नववीतील विद्यार्थिनी त्या दिवशी गावातला आड उन्हाळ्यात आटल्यावर टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बायकांविषयी बोलली. भाषण तिचे तिने लिहिले होते. माझ्या शेजारी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले एक पालक बसले होते. भाषण संपताच त्यांनी मला विचारले, 'टँकर शाळेच्या वेळेत येतो म्हणून मुली गैरहजर राहतात, हे खरे आहे का?' म्हणजे तिला जे सांगायचे होते ते शेवटच्या रांगेपर्यंत, तिला न ओळखणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले होते. गुणपत्रिकेत मात्र नव्या सदराखाली तिला वीसपैकी चार गुण होते आणि समोर शेरा होता : 'कंटेंट चांगला. एमटीआय खूप. व्ही-डब्ल्यू आणि टी-डी सुधारा.' ज्या मुलाला पहिले पारितोषिक मिळाले त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्याने मेहनत घेतली होती. पण तो 'वॉटर'चा उच्चार 'वॉडर' आणि 'सिटी'चा 'सिडी' असा करत होता आणि त्याच्या ॲक्सेंटचे व्यासपीठावरून विशेष कौतुक झाले. निकाल बदलावा, असे माझे म्हणणे नाही. ज्या निकषावर तो लागला, त्याविषयी माझ्या काही हरकती आहेत.

पहिली हरकत अशी की, न्यूट्रल म्हणावा असा इंग्रजीचा कोणताही उच्चार अस्तित्वात नाही. वर आलेला 'वॉटर' हाच शब्द घ्या. इंग्लंडमधील सुशिक्षित वर्गाच्या जुन्या वळणाच्या बोलण्यात त्यातला 'टी' म्हणताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते. अमेरिकेत दोन स्वरांच्या मधला हा 'टी' इतका सैल होतो की आपल्या कानाला तिथे 'ड' किंवा 'र' ऐकू येतो. लंडनच्या कामकरी वस्तीत तो घशातच अडतो आणि शब्द 'वॉ-अ' अशा दोन तुकड्यांत बाहेर पडतो. आपली जीभ किंचित मागे वळते आणि 'ट' उमटतो. चारही ठिकाणी तहानलेल्याला पाणी मिळते. गुण मात्र चौथ्याचेच कापले जातात. 'थ्री' या शब्दाचेही तसेच आहे. लंडनमध्ये असंख्य लोक त्याचा 'फ्री' करतात, आयर्लंडमध्ये त्याचा आरंभ जवळपास आपल्या 'त'सारखा, दातांना जीभ टेकवून होतो, आणि आपण 'थ' म्हणतो. परीक्षकांच्या कानाला यांपैकी आपलाच तेवढा गावंढळ का वाटतो, याचे उत्तर ध्वनिशास्त्रात सापडणार नाही.

'आर'ची कथा तर प्रत्येक परीक्षकाने एकदा नीट समजून घ्यावी अशी आहे. जॉन वॉकर या कोशकाराचा उच्चारकोश १७९१ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. 'बार्ड' किंवा 'कार्ड'सारख्या शब्दांतला 'आर' लंडनकरांच्या तोंडी जवळजवळ स्वरात विरघळतो, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांची अदलाबदल हा त्याने लंडनच्या सामान्य लोकांचा दोष म्हणून सांगितला होता, म्हणजे ज्या दोषासाठी आमच्या मुलीचे गुण गेले तो खुद्द इंग्रजांच्या राजधानीत सव्वादोनशे वर्षांपूर्वी गल्लोगल्ली ऐकू येत होता. पुढे 'आर' गिळणे हेच इंग्लंडमध्ये प्रतिष्ठेचे झाले, आणि डेव्हन-सॉमरसेटकडचा जो शेतकरी तो स्पष्ट म्हणत राहिला त्याचे बोलणे खेडवळ ठरले. स्कॉटलंड आणि आयर्लंड यांनी मात्र आपला 'आर' सोडला नाही. अटलांटिकच्या पलीकडे याच्या बरोबर उलटे घडले. न्यूयॉर्कचा वरचा वर्ग एके काळी इंग्लंडच्या वळणाने 'आर' गिळत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले आणि 'आर' म्हणणे वरच्या दर्जाचे झाले. विल्यम लबॉव्ह या भाषावैज्ञानिकाने १९६२ मध्ये तिथल्या तीन दुकानांत, एका महागड्या, एका मध्यम आणि एका स्वस्त, विक्रेत्यांना अशा वस्तूंची चौकशी केली की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असेच यावे. महागड्या दुकानात 'आर' सर्वाधिक ऐकू आला आणि स्वस्त दुकानात सर्वांत कमी. एकच ध्वनी, एका देशात तो उच्चारला तर माणूस अडाणी, दुसऱ्या देशात गाळला तर अडाणी. आपण मराठी माणसे 'कार', 'पार्क', 'फार्मर' यांतला 'र' खणखणीत म्हणतो. तो आपल्या गुणपत्रिकेत नेमका कोणत्या रकान्यात बसतो, हे आपणच सांगावे.

इंग्रजांनाही हा प्रश्न आपल्याच समाजात सोडवता आलेला नाही. बीबीसीने १९२६ मध्ये निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष होते आणि पुढे ते पद बर्नार्ड शॉ यांच्याकडे आले. एकेका शब्दावर तिथेही मतभेद झडले. १९४१ मध्ये यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना त्यांच्या उत्तरेकडच्या वळणासह राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले तेव्हा श्रोत्यांनी नाके मुरडली. आज त्याच बीबीसीवर स्कॉटिश, वेल्श, उत्तर इंग्लंडचे, भारतीय वंशाचे असे नाना वळणांचे निवेदक बातम्या देतात. ज्यांच्याकडून आपण इंग्रजी घेतली त्यांनी मोडीत काढलेली सोवळी आपण सातारा-सांगलीत कशासाठी पाळायची?

समारोपाच्या भाषणात आपल्या मुख्य परीक्षकांनी 'शेड्यूल' हा शब्द ब्रिटिश पद्धतीने, 'कान्ट' हा 'कॅन्ट' असा अमेरिकी पद्धतीने आणि 'पार्टिसिपेट' हा शब्द अस्सल मराठी 'ट' लावून उच्चारला. मला त्यात काहीही वावगे वाटले नाही, कारण भारतात इंग्रजी अशीच बोलली जाते आणि समजते. आपण जिल्हा परिषदेला 'झेडपी' म्हणतो, मंत्र्यांच्या सुरक्षेला 'झेड प्लस' म्हणतो आणि संध्याकाळी मालिका बघायला 'झी मराठी' लावतो. पहिल्या दोन ठिकाणी आपण लंडनचे असतो आणि तिसऱ्या ठिकाणी न्यूयॉर्कचे, पण त्यावरून कोणाच्या घरी भांडण झालेले ऐकिवात नाही. 'ॲल्युमिनियम' की 'ॲल्युमिनम' या वादात तर रसायनशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० मध्ये पहिले रूप स्वीकारले आणि १९९३ मध्ये दुसऱ्यालाही मान्यता दिली. मोठमोठ्या परिषदांना जे औदार्य परवडते ते तालुक्याच्या सभागृहात परवडू नये, याचे नवल वाटते.

माझी दुसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण नको तिथे गुण कापता आणि जिथे कापायला हवेत तिथे आपले लक्षच जात नाही. मराठी मुलाच्या इंग्रजीत ऐकणाऱ्याला खरोखर अडवणारी जी गोष्ट आहे, तिचा व्ही-डब्ल्यूशी फारसा संबंध नाही. 'बॅट' आणि 'बॉल' यांतले स्वर लिहायला मराठीने ॲ आणि ऑ ही चिन्हे घेतली आणि २००९ च्या शासन निर्णयाने ती वर्णमालेतही आली. त्यामुळे इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी लिहून पाठ करणाऱ्या मुलांची, आणि आमच्याकडे बहुतेक मुले असेच शिकतात, मोठी सोय झाली. पण इंग्रजीत आखूड 'ए' आणि लांब, शेवटी 'इ'कडे झुकणारा 'ए' असे दोन वेगळे स्वर आहेत, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे एकच मात्रा आहे. परीक्षा या अर्थाची 'टेस्ट' आणि चव या अर्थाची 'टेस्ट' आपण सारखीच लिहितो. लेखणीचे 'पेन' आणि वेदनेचे 'पेन', ओल्याचे 'वेट' आणि थांबण्याचे 'वेट', परवानगीचे 'लेट' आणि उशिराचे 'लेट', वर्तमानपत्राचा 'पेपर' आणि मिऱ्याचा 'पेपर' या साऱ्या जोड्या मुलांच्या वहीत एकरूप होतात आणि वहीतून तोंडात तशाच उतरतात. परदेशातल्या दवाखान्यात 'माझ्या हातात पेन आहे' असे सांगणाऱ्या मुलाला डॉक्टर काय देईल, औषध की कागद? वर्गात मी या एका स्वरावर जेवढा वेळ घालवते तेवढा दुसऱ्या कशावरही घालवत नाही. यंदा आमच्या मुलीने टँकर 'लेट' येतो असे म्हटले तेव्हा तो 'लेट' आखूड होता. इंग्लंडचा श्रोता तिथे क्षणभर थबकला असता. त्याबद्दल तिचा अर्धा गुण गेला असता तर मी परीक्षकांचे आभार मानले असते. शेऱ्यात त्याचा उल्लेख नाही, कारण बहुधा तो ऐकूच आला नाही.

शब्दातल्या आघाताचेही तेच. मराठीत आघात हलला तरी अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान त्याबाबत बेफिकीर असतो. इंग्रजीत 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट' यांवरचा जोर पहिल्या अवयवावर पडला तर नाम होते आणि दुसऱ्यावर पडला तर क्रियापद. हैदराबादच्या इंग्रजी अध्यापन संस्थेतील आर. के. बन्सल यांचा भारतीय इंग्रजी परदेशी श्रोत्यांना कितपत समजते याविषयीचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात चुकीच्या आघातांकडे बोट दाखवलेले आहे. इतक्या वर्षांत ही गोष्ट आपल्या गुणपत्रिकेपर्यंत पोहोचलेली नाही.

माझ्याही कानाला खटकणारे उच्चार आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'व्हेजिटेबल' आणि 'कम्फर्टेबल' यांच्या शेवटी कोणी लाकडी टेबल मांडले की मी दचकते. 'प्रोनाऊन्सिएशन' ऐकले की मान आपोआप वर होते. 'डाउट'मधला 'बी' किंवा 'रिसीट'मधला 'पी' उच्चारणाऱ्या मुलाला मी थांबवते, पण हसत नाही, कारण ही मुकी अक्षरे मागच्या काळातील पंडितांनी शब्दांचे लॅटिन कुळ दाखवण्यासाठी घुसडलेली आहेत, आणि १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना घातल्यानंतर लिखाण गोठत गेले, बोलणे मात्र वाहत राहिले. मुलगा बिचारा समोर छापलेले प्रामाणिकपणे वाचतो. यांपैकी बहुतेक ठिकाणी मी सुधारून सांगते आणि गुण कापत नाही. एकाच ठिकाणी हमखास कापते : अनेकवचनी 'विमिन'च्या जागी कोणी 'वुमन' म्हटले तर, कारण तिथे एक बाई की अनेक बाया हेच कळेनासे होते. मला काय आवडत नाही आणि ऐकणाऱ्याला काय समजत नाही, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हे परीक्षकाचे पहिले काम आहे.

तिसरी हरकत पैशाची आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते. खेड्यातली मुले जी इंग्रजी घेऊन आपल्या व्यासपीठावर येतात ती याच शाळांनी दिलेली असते. मुद्दे मांडणे, शब्द निवडणे, पाठांतर न करता बोलणे, हे मेहनतीने शाळेत कमावता येते. आपल्याला अभिप्रेत असलेला ॲक्सेंट शाळेत मिळत नाही. तो घरातून येतो किंवा तालुक्याच्या स्टँडसमोर पाट्या लावलेल्या क्लासमधून, भरमसाट फी भरून. वीस गुणांचे सदर असे ठेवले की स्पर्धा सुरू होण्याआधीच काही मुलांच्या खात्यावर ते जमा झालेले असतात.

आणि एक गोष्ट हरकत म्हणूनही लिहिणे जिवावर येते. निकालानंतर मार्गदर्शन करताना एका परीक्षकांनी नाव न घेता, पण सर्वांना कळेल अशा रीतीने, आमच्या मुलीच्या 'व्हिलेज'ची माइकवर नक्कल केली आणि सभागृह हसले. मराठी वक्तृत्वाच्या व्यासपीठांवर 'पाणी'चे 'पानी' करणाऱ्या मुलांच्या वाट्याला हेच आलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यांतली किती मुले पुन्हा माइकसमोर उभी राहिली, याची नोंद कोणी ठेवत नाही.

आपला निकष जागतिक पातळीवरचा आहे, असे समर्थन मला तोंडी ऐकवण्यात आले, म्हणून जागतिक पातळीवर काय चालते तेही सांगते. परदेशी शिक्षणासाठी आपली मुले जी आयईएल्टीएस परीक्षा देतात, तिच्या तोंडी भागात उच्चार हा चार समान निकषांपैकी एक आहे आणि त्यात बोलणे किती सहज समजते हे पाहतात. मातृभाषेची छटा आकलनाच्या आड आली तरच ती विचारात घेतली जाते. युरोपीय परिषदेने भाषाक्षमतेच्या आपल्या चौकटीतील उच्चारांची श्रेणी २०१८ मध्ये नव्याने लिहिली, तेव्हा जन्मजात भाषिकासारखे बोलण्याचा आदर्श काढून आकलनीयतेला मध्यभागी आणले. सर्वांत बोलके उदाहरण विमानांचे आहे. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्या संभाषणात एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर शेकडो माणसांचे प्राण जाऊ शकतात. तरीही आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने कामासाठी पुरेशी मानलेली जी चौथी पातळी आहे, तिच्या वर्णनात उच्चारांवर पहिल्या भाषेचा किंवा प्रदेशाचा प्रभाव असणे गृहीतच धरलेले आहे. त्याने समजण्यात फक्त कधीकधीच अडथळा यावा, इतकीच अट आहे. इतकेच नव्हे, तर रेडिओवर तीन हा आकडा 'ट्री' असा उच्चारावा, असे तिचे अधिकृत मार्गदर्शन आहे, कारण इंग्रजी 'थ्री'चा आरंभ जगातल्या असंख्य जिभांना जमत नाही. आमच्या मुलीने व्यासपीठावर 'ट्री' म्हटले असते तर आपण तिला एमटीआयचा शेरा दिला असता.

आता मागण्या. 'न्यूट्रल ॲक्सेंट' हे सदर आणि एमटीआयचा उल्लेख माहितीपत्रकातून आणि गुणपत्रिकेतून काढून टाकावा आणि ते वीस गुण 'ऐकणाऱ्याला समजणे' या सदराखाली ठेवावेत, ज्यात स्वरांतील भेद, आघात, वेग आणि थांबे यांचा विचार होईल. उच्चाराचे गुण कापताना कोणता शब्द समजला नाही तो परीक्षकांनी गुणपत्रिकेवर लिहावा. शब्द लिहिता येत नसेल तर गुण कापू नयेत. ब्रिटिश, अमेरिकी आणि भारतीय वळण सारखेच ग्राह्य आहे, हे नियमांत स्पष्ट छापावे. परीक्षक मंडळात मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी निदान एक व्यक्ती असावी, आणि तिला मानधन इतरांइतकेच द्यावे. स्पर्धकाच्या उच्चाराची व्यासपीठावरून नक्कल करण्यास लेखी मनाई असावी. ज्या मुलीची नक्कल झाली तिच्या पालकांना आयोजकांनी दिलगिरीचे पत्र पाठवावे. ते जाहीर करण्याची आमची अट नाही.

राज्य फेरीचे प्रवेशअर्ज डिसेंबरमध्ये शाळांकडे येतात. त्याआधी सुधारित माहितीपत्रक मिळाले तर आमची शाळा दोन नावे पाठवील. न मिळाल्यास अर्ज कोराच परत येईल आणि सोबत या पत्राची प्रत असेल. आजूबाजूच्या काही शाळांतील इंग्रजीच्या शिक्षकांशी माझे बोलणे झाले असून त्यांचाही विचार असाच आहे.

आपली नम्र,
इंग्रजीची एक शिक्षिका, सातारा जिल्हा